वायरीचे दुसरे टोक

जबाब
दिनांक १६ मे २००६

माझे नाव रत्ना भागू केंगले. वय सत्तावीस. धंदा इंटरनेट कॅफे आणि कॉम्प्युटर क्लास. राहणार बेल्हे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. मूळ गाव आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. आईवडील तिथेच भात आणि नाचणी करतात. आज पोलीस ठाण्यात स्वतःहून येऊन, फौजदार साहेबांच्या समोर खुर्चीवर बसून सांगते की,

यापूर्वी याच ठाण्यात मला बोलावले होते तेव्हा दाराजवळच्या बाकावर बसवले होते आणि पाणीसुद्धा कोणी विचारले नव्हते. आज खुर्ची आहे, चहा झाला आहे, आणि हवालदार सोमाजी नवीन पेन घेऊन लिहायला बसले आहेत. हा मजकूर जबाबात घेण्याची गरज नाही असे साहेब म्हणाले. मी म्हटले, गरज आहे. साहेब हसले आणि घ्या म्हणाले.

माझा कॅफे बेल्हे येथे बाजारपेठेच्या गल्लीत भाड्याच्या गाळ्यात आहे. सहा मशीन आहेत. सोमवारी गुरांचा बाजार असतो तेव्हा जास्त गर्दी असते. व्यापारी लोक टोमॅटोचे आणि कांद्याचे भाव बघायला येतात, पोरे निकाल बघायला येतात, मुली दुपारी टायपिंग शिकायला येतात. मी वरच्या डोंगरातली असल्यामुळे सुरुवातीला लोक मला "ती आदिवासींची पोरगी" म्हणत. पुढे "रत्नामॅडम" म्हणू लागले. हे मॅडम मी कमावलेले आहे आणि ते जाता जाता राहिले, त्याबद्दलचा हा जबाब आहे.

अक्षदा सावळेराम गुंजाळ ही माझ्या क्लासची पहिली मुलगी. वडील सावळेराम तात्या गावातले बागायतदार. अक्षदाचे लग्न पुण्यातल्या एका घरी जमले होते, साखरपुडा झाला होता. एप्रिलअखेरीस आमच्या गावची यात्रा झाली. त्याच दिवशी दुपारी मुलाच्या थोरल्या भावाला एक ई-मेल गेला. खाली नाव खोटे होते. त्यात अक्षदाबद्दल जे लिहिले होते ते फिर्यादीत आहे. मी ते पुन्हा तोंडाने उच्चारणार नाही. पुण्याच्या लोकांनी फोन करून लग्न मोडले.

मुलाचा भाऊ शिकलेला असल्याने त्याने त्या मेलमागचा पत्ता काढून पोलिसांना दिला. इंटरनेट कंपनीने कळवले की ही जोडणी बेल्हे येथील रत्ना केंगले यांच्या नावाची आहे. यात्रेच्या दिवशी माझा कॅफे बंद होता, कारण त्या दिवशी सगळे गाव घाटावर बैलगाड्यांच्या शर्यती बघायला असते आणि नेटवर काळे कुत्रेही फिरकत नाही. शटरला दोन कुलपे आणि मागच्या दाराला एक, तिन्हीच्या चाव्या माझ्या एकटीकडे. सगळ्यांनी हिशेब लावला. दुकान बंद, चावी रत्नाकडे, मेल रत्नाच्या लाइनवरून. म्हणजे मेल रत्नाने लिहिला.

त्या दिवशी मी माझ्या गावी राब भाजायला गेले होते. भाताचे रोप टाकायच्या आधी वावराच्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याला आम्ही राब म्हणतो. ते काम घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचे असते. माझी आई अंबाबाई आणि वडील दोघेही साक्षीला तयार होते. साहेब म्हणाले, आईबापाची साक्ष लेकीच्याच बाजूची असणार. ते कायद्याने बरोबर असेल, पण मला ठाण्यात बोलावले त्या दिवशी आई पहाटेच्या गाडीने एवढ्या लांबून आली होती आणि बाकावर माझ्या शेजारी बसून राहिली होती. घरी परत जाताना फक्त म्हणाली, "रत्ने, हात काळे व्हते गं तुझे त्या दिशी. राखंनं."

त्यानंतर गावात बोलले जाऊ लागले की कॅफेवाली सगळ्यांचे मेल वाचते. कोणाचे कोणाशी काय चालले आहे ते तिला सगळे ठाऊक असते. क्लासच्या मुली यायच्या बंद झाल्या. सावळेराम तात्या पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "आमी तिला लेकीवानी मानलं, अन तिनं आमच्याच लेकीच्या संसारात बिब्बा घातला." अक्षदाला माझ्याशी बोलायची बंदी झाली. ती रस्त्यात दिसली तर खाली बघून जायची. चोरी केली असती तर चोर म्हणून घेतले असते, पण हे माझ्याने सहन होत नव्हते. बाजाराच्या दिवशी भर गर्दीत पोलिसांनी माझे शटर खाली ओढून त्यावर कागद चिकटवला. बैलांचे व्यापारी कासरे हातात धरून बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी फौजदार साहेब, हवालदार सोमाजी आणि पंच म्हणून चहावाले कुशाबा आणि त्यांचे भाऊ असे माझी मशीन जप्त करायला आले. मशीन पोत्यात बांधून न्यायला टेम्पो आणला होता. फिर्यादी म्हणून सावळेराम तात्याही सोबत होते. समोरच्या शटरवर कागद असल्याने आम्ही सगळे मागच्या परसातून, मागच्या दाराने आत गेलो. गल्लीतून बघणाऱ्याला कॅफे बंदच दिसत होता. पुढे जे झाले ते याच कारणाने झाले.

इथे एक गोष्ट समजावून सांगणे भाग आहे. आमच्या भागात ब्रॉडबँडची लाइन एकदा तुटली की पुन्हा लागायला कधी कधी अर्धा दिवस जातो. म्हणून बेल्ह्यात ज्याच्याकडे नेट आहे तो मोडेम कधीच बंद करत नाही. मीही करत नाही. माझा मोडेम आणि सगळ्या मशीनच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा, ज्याला स्विच म्हणतात, हे दोन्ही वर पत्र्याखाली फळीवर ठेवले आहेत आणि त्यांना वेगळी बॅटरी आहे. दुकान बंद असले तरी ते चालूच असतात.

साहेबांनी सोमाजींना वायरी काढायला सांगितले. माझे लक्ष सहज वर गेले. माझी सहाही मशीन बंद होती, त्यांच्या पिना मी स्वतः आदल्या दिवशी काढल्या होत्या. तरी मोडेमवरचा दिवा भराभर लुकलुकत होता. मी म्हटले, "साहेब, थांबा. माझं एकही मशीन चालू नाही आणि माझ्या लाइनवर कुणीतरी बोलतंय."

साहेब म्हणाले, "दिवाच आहे तो. लुकलुकणारच."

मी म्हटले, "कुणी बोलत नसेल तेव्हा तो मधूनच एकदा लुकलुकतो. आता बघा, दम खात नाही. मला दहा मिनिटं द्या. नंतर मशीन मी स्वतः उचलून टेम्पोत ठेवीन."

साहेबांनी घड्याळ बघितले आणि हो म्हणाले. त्यांनी नाही म्हटले असते तर आज मी कुठे असते, हे मला माहीत आहे. म्हणून त्यांचे आभार मी इथे नोंदवते.

मी पिन खोचून एक नंबरचे मशीन सुरू केले आणि काळी खिडकी उघडली. यात चित्रे नसतात, माऊस चालत नाही, नुसता हुकूम टाइप करायचा आणि उत्तर वाचायचे. क्लासमध्ये मुली या खिडकीला घाबरतात. मी त्यांना सांगते की नेट बंद पडले तर कंपनीला फोन लावून शिव्या देण्याआधी इथे चार हाका मारा. पहिली हाक स्वतःच्याच मशीनला. त्याने उत्तर दिले तर दुसरी घरातल्या मोडेमला. मग तिसरी बाहेरच्या एखाद्या मशीनला, त्याच्या आकड्याने, म्हणजे फोन नंबरासारखा प्रत्येक मशीनला नेटवर जो आकडा असतो त्याने. आणि चौथी त्याच मशीनला, पण नावाने. ज्या हाकेला उत्तर येत नाही तिथे बिघाड. आकड्याला उत्तर आले आणि नावाला नाही आले, तर लाइन चांगली आहे, फक्त नावावरून आकडा शोधणारी सोय बंद आहे. या हाक मारण्याला पिंग म्हणतात. आता हे लिहिताना सोमाजींनी विचारले, "पिंग कसं लिहू?" मी म्हटले, जसे बोलते तसे लिहा.

मी आधी आयपीकॉन्फिग टाइप केले. त्यात माझ्या मशीनचा आकडा आला आणि मोडेमचा आला. मग नेटस्टॅट टाइप करून पुढे डॅश एन दिले. या हुकुमाने आपले मशीन या क्षणी कोणाकोणाशी जोडलेले आहे ते दिसते. डॅश ओ दिले तर कोणता प्रोग्रॅम बोलतो आहे त्याचा क्रमांकही मिळतो, व्हायरस शोधायला त्याचा फार उपयोग होतो. त्या दिवशी यादी कोरी होती. मी साहेबांना म्हटले, "हे एकच मशीन चालू आहे आणि ते कुणाशीही बोलत नाही. वरचा दिवा तर नाचतोय. मग बोलतंय कोण?"

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. तात्या दारात उभे होते, ते एक पाऊल आत आले.

मग मी एक ओळ लिहिली, तिच्यामुळे मशीन एक ते दोनशे चोपन्न या सगळ्या आकड्यांना ओळीने एकेक हाक मारत जाते. घरोघरी जाऊन कडी वाजवावी तसे. ती चालू असताना कुशाबांनी विचारले, "ह्ये काय पळतंय?" मी म्हटले, "आजूबाजूला कोण कोण जागं आहे ते विचारतेय." हाका संपल्यावर मी एआरपी डॅश ए टाइप केले. आपल्या वायरींच्या जाळ्यात ज्या मशीनशी नुकताच संबंध आला त्यांची यादी हा हुकूम देतो. एखादे मशीन हाकेला मुद्दाम गप्प राहिले तरी या यादीत सापडते, म्हणून मी यावर जास्त विश्वास ठेवते. माझ्या हिशेबाने यादीत एकच ओळ यायला हवी होती, मोडेमची.

दोन आल्या.

मी खुर्चीतून उठलेच. मला मोठ्याने ओरडावेसे वाटले, आणि मी ओरडलेही. काय ओरडले ते सोमाजींनी लिहू नये अशी विनंती आहे. दुसऱ्या ओळीतला आकडा माझ्या कोणत्याच मशीनचा नव्हता. माझे आकडे मी स्वतः नेमून दिलेले आहेत, अकरा ते सोळा. हा तेवीस होता.

साहेब म्हणाले, "हे मशीन कुठलं?" मी म्हटले, "त्यालाच विचारू." विंडोजवर एनबीटीस्टॅट नावाच्या हुकुमाने समोरच्या मशीनला त्याचे नाव विचारता येते. मशीन घेतल्यावर प्रत्येक जण त्याला काहीतरी नाव देतो. कोणी दुकानाचे देतो, कोणी देवाचे. मी हुकूम दिला आणि इंग्रजी अक्षरांत नाव आले. सोमाजी माझ्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर जुळवत होते. ते जुळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

"आयो साहेब, काजळ्या! ह्यो तर काजळ्या हाय!"

"कोण काजळ्या? गुन्हेगार आहे का?" साहेबांनी विचारले. साहेब मराठवाड्यातले आहेत, आमच्याकडे येऊन त्यांना थोडेच दिवस झालेत.

कुशाबा म्हणाले, "बैल हाय साहेब. चांगदेव औटींचा. औंदा शर्यतीत समद्यांच्या म्होरं पळून घाटाचा राजा झाला त्यो. डोळ्याला काजळ घातल्यावानी काळी कडा हाय त्याच्या, म्हून काजळ्या."

जुन्नर आंबेगावात ज्याचा गाडा पळतो त्याला पोराच्या नावापेक्षा बैलाचे नाव प्यारे असते. मोटारसायकलवर बैलाचे नाव, ट्रॅक्टरवर बैलाचे नाव, घरावर बैलाचे नाव. कॉम्प्युटर घेतला तर त्यालाही बैलाचेच नाव देणार, यात नवल नाही. आणि दोन्ही तालुक्यांत काजळ्या एकच आहे. चांगदेव अण्णा औटी यांचे खत-बियाण्यांचे दुकान माझ्या गाळ्याला लागून आहे. मधे एक भिंत, आणि भिंत वर पत्र्यापर्यंत पोहोचत नाही.

मी वर फळीकडे बघितले. सोमाजींनी बघितले. तात्यांनीही बघितले.

साहेब मात्र शांत होते. म्हणाले, "नाव कुणीही कुणाचंही देईल. कोर्टात बैलाचं नाव चालत नाही. मला जागा दाखव." हे त्यांचे बरोबर होते. मी म्हटले, "दाखवते. सोमाजीदादा, स्टुलावर चढा."

मी तेवीस नंबरला पिंग लावले आणि पुढे डॅश टी दिले. यामुळे आपण थांबवेपर्यंत मशीन हाक मारतच राहते आणि पडद्यावर एकाखाली एक उत्तरे येत राहतात. सोमाजींना सांगितले की पहिल्या भोकातली या चालू मशीनची वायर सोडून स्विचमधून एकेक वायर काढा, मी "येतंय" म्हटले की परत खोचा, आणि पुढची काढा. ज्या वायरीला उत्तर बंद होईल ती त्या मशीनची.

सोमाजी वरून म्हणाले, "ही काढली."

"येतंय."

"ही?"

"येतंय अजून."

"आन ही काळी?"

"ती मोडेमची. तरी येतंय. म्हणजे बघा साहेब, हे मशीन बाहेरचं नाही, याच पत्र्याखाली आहे."

मोडेमची सोडून बाकी सगळ्या वायरी निळ्या आहेत आणि मी त्या एकत्र बांधलेल्या आहेत. त्यात आणखी एक निळी वायर कोणी मिसळली तर खालून बघून कळत नाही. सोमाजींनी पुढची काढली. पडद्यावर उत्तर यायचे थांबले. एक ओळ, मग दुसरी, मग तिसरी, सगळ्यांत वेळ संपली, उत्तर नाही, एवढेच. मी म्हटले, "हीच. हातात धरून ठेवा."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "आयला ह्या नेटच्या! आताच जायचं व्हतं व्हय!"

पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला, आणि सोमाजी स्टुलावरून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "साहेब, वायर चालाया लागली. तिकडनं कुणीतरी वडतंय!"

मी पाहिले. सोमाजींच्या मुठीतली वायर पत्र्याकडे ताणली जात होती. पलीकडच्याने हिसका दिला. सोमाजींनीही दिला. साहेब एवढेच म्हणाले, "सोडू नकोस," आणि मागच्या दाराने पळाले. मागोमाग कुशाबा आणि त्यांचे भाऊ, मागोमाग तात्या, आणि मी. टेम्पोवालाही आला.

चांगदेव अण्णा पुढे गल्ल्यावर बसले होते. त्यांना काहीच माहीत नव्हते, हे मी खात्रीने सांगते. मागच्या खोलीत त्यांचा मुलगा ऋषी खताच्या पोत्यांच्या थप्पीवर उभा होता. दोन्ही हातांनी वायर धरून ओढत होता. खाली टेबलावर कॉम्प्युटर चालू होता आणि शेजारी कानातून काढलेल्या हेडफोनमध्ये गाणी वाजत होती, म्हणून आमचे बोलणे त्याला ऐकू गेले नव्हते.

साहेब म्हणाले, "काय चाललंय?"

ऋषी म्हणाला, "काय नाय साहेब. वायर सैल झालीया."

"कसली वायर?"

"नेटची."

"कुणाच्या नेटची?"

वायर मात्र त्याने तशीच धरून ठेवली होती, आणि पलीकडून सोमाजी ती अजून ओढत होते. साहेबांनी मोठ्याने सांगितले, "सोमाजी, सापडलं दुसरं टोक. सोड आता." सोमाजींनी सोडली आणि ऋषी पोत्यांवर मागे बसला.

कॉम्प्युटरवर त्या खोट्या नावाची मेलपेटी उघडीच होती. अक्षदाबद्दलचा तो मजकूर साहेबांनी पंचांसमोर त्यातच वाचला. कोणी काही विचारायच्या आधी ऋषीने कबूल केले. मागच्या वर्षी त्याने अक्षदाला मागणी घातली होती आणि तात्यांनी नकार दिला होता. माझा कॅफे बंद असतानाच तो वायरीवर यायचा, म्हणजे मला कधी कळू नये. बाजाराच्या दिवशी त्याने तो मेल पाठवला असता तर बोट दहावीस गिऱ्हाइकांकडे गेले असते आणि मी बसले असते त्यांची तोंडे आठवत. त्याने दुकान बंद असतानाचा दिवस निवडला आणि आपली वाट आपणच एवढी अरुंद करून ठेवली की तिच्यात मी आणि तो दोघेच उरलो.

तोपर्यंत सोमाजीही आले होते. ते म्हणाले, "साहेब, यात्रेला मी घाटावर बंदोबस्ताला व्हतो. काजळ्याची पळायची बारी झाली, माईकवर नाव पुकारलं, समदा गुलाल उधळला, अन ह्यो ऋषी काय घाटावर नव्हता. आमी म्हणलं, स्वतःच्या बैलाची बारी सोडून पोरगं गेलं कुठं?"

चांगदेव अण्णा गल्ल्यावरून उठून आत आले होते. पोराकडे बघून म्हणाले, "बक्षिसाची ढाल घ्यायला तुला हुडकीत व्हतो मी घाटभर. पोट दुखतंय म्हणलास." मग बाजूला सरकून त्यांनी साहेबांना वाट दिली. मला त्या माणसाचे वाईट वाटले. ऋषीचे नाही वाटले, आणि ते मी लपवत नाही.

टेम्पो जसा आला तसा रिकामा गेला. साहेब मला म्हणाले की शटरवरचा कागद आता काढून टाक आणि दुकान उघड. मी म्हटले, नाही. कागद बाजाराच्या दिवशी लावलात, बाजाराच्याच दिवशी काढा. ज्यांनी लावताना पाहिले त्यांनी काढताना पाहिले पाहिजे. तोवर मी दुकान उघडणार नाही. सोमाजी म्हणाले, "ताई, आठ दिस धंदा बुडंल." मी म्हटले, बुडू दे. साहेबांनी माझे म्हणणे मान्य केले.

त्याप्रमाणे काल सोमवारी बाजार भरला असताना हवालदार सोमाजी गणवेशात येऊन, बादलीभर पाणी घेऊन माझ्या शटरवरचा कागद काढायला लागले. बघायला कोण नव्हते ते सांगणेच सोपे. गुरांचे व्यापारी, भाजीवाल्या बाया, एसटीची वाट बघणारे लोक, सगळे जमले. लोणी आणि पारगावहून आलेले पाहुणे विचारत होते काय झाले, आणि कुशाबा चहा गाळता गाळता प्रत्येकाला वायर ओढल्याचे नव्याने सांगत होते. त्यांच्या सांगण्यात ती वायर दर वेळी थोडी जाड होत होती. खळ घट्ट बसल्याने कागदाचे तुकडे निघेनात. तेव्हा सावळेराम तात्या गर्दीतून पुढे आले, उपरण्याचे टोक बादलीत बुडवले आणि उरलेला कागद स्वतः घासून काढला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पोरी, माझी जीभ घसरली. तू आमच्या घरची लाज राखलीस." मी शटर वर केले. टाळ्या वाजल्या. मी रडले, पण हसत हसत, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही. आई पहिल्याच गाडीने आली होती. ती आत जाऊन एक नंबरच्या मशीनसमोर खुर्चीत बसली आणि दिवसभर उठली नाही.

दुपारी अक्षदा आली. दारात उभी राहून म्हणाली, "रत्नाताई, जागा आहे का?" मी म्हटले, "चार नंबर तुझाच आहे." ती मला मिठी मारून बराच वेळ तशीच राहिली. गिऱ्हाइके बघत होती, बघू देत. मग ती चार नंबरला बसली आणि लिहू लागली. पुण्याच्या लोकांचा तात्यांना फोन आला होता की गैरसमज झाला, आपण पुढचे बघू. त्यांना उत्तर आपण स्वतः देणार असे तिने घरी सांगितले होते. ती सावकाश, दहाही बोटांनी, मी शिकवले तसे टाइप करत होती.

तात्या बाहेर फेऱ्या मारत होते. शेवटी आत येऊन मला हळूच म्हणाले, "काय लिव्हलं गं तिनं? व्हय का न्हाई?"

मी म्हटले, "तात्या, माझ्या कॅफेत बसलेला माणूस काय लिहितो ते मी वाचत नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

तात्यांनी मान खाली घातली, मग हळूच हलवली, आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. अक्षदा मेल पाठवून उठली तेव्हा तिच्या तोंडावर हसू होते आणि तिने जाता जाता मला डोळा मारला. मला त्याबद्दल एवढेच सांगता येते.

आता जबाब लिहून होताना फौजदार साहेबांनीही मला तेच विचारले, की तिने हो लिहिले का नाही. साहेबांनाही मी तेच उत्तर दिले आहे. ते जबाबात घ्यावे.

वरील मजकूर हवालदार सोमाजी यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, काजळ्याच्या बारीपाशी त्यांचा आवाज आपोआप चढला. मी जे बोलले तेच यात आहे, कमीजास्त काही नाही. बाकावरचे आणि खुर्चीवरचेही गाळलेले नाही याची खात्री करून मी खाली पूर्ण नावाने सही करते.

रत्ना भागू केंगले